तक्त्यातली कोरी जागा

आमच्या अभ्यासगटाची पहिली बैठक झाली त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अ‍ॅजाइल हा इटलीचा गॅमा-किरण उपग्रह वातावरणात शिरून जळून गेला. २३ एप्रिल २००७ ला पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून तो सोडला होता, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं तो कक्षेत होता. बैठकीच्या सुरुवातीला कुणीतरी विषय काढला, दोन मिनिटं सगळे हळहळले आणि आम्ही कार्यक्रमपत्रिकेवरच्या पहिल्या मुद्द्याकडे वळलो. त्या दोन मिनिटांत आम्ही सगळ्या कामाच्या गाभ्याला हात लावून पुढे गेलो होतो, हे मला उमगायला वर्ष जावं लागलं.

काम असं होतं. येत्या पंधरा-वीस वर्षांत गॅमा-किरण खगोलशास्त्राने कोणते प्रश्न आधी हाती घ्यावेत, त्यासाठी कसली उपकरणं लागतील आणि ती बनवण्यासाठी लागणारं कोणतं तंत्रज्ञान अजून कच्चं आहे, याचा आराखडा द्यायचा. खगोलशास्त्रात ही रीत जुनी आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून दर दहा वर्षांनी असा मोठा आढावा निघतो. शेवटचा नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. अवकाशातली जी कामं अखंड चालू ठेवायची, त्यांत त्याने पहिला क्रम बदलत्या आकाशाला आणि प्रकाश, गुरुत्वलहरी, न्यूट्रिनो यांच्या एकत्रित निरीक्षणाला दिला. आमचा गट त्यापुढे फारच लहान. निरनिराळ्या देशांतले संशोधक, थोडे विद्यार्थी, दर पंधरा दिवसांनी पडद्यावर भेटणारे. पण मोठ्या समित्या बसतात तेव्हा त्यांच्यासमोर असल्याच लहान गटांचे कागद असतात. म्हणून कुणीही ते काम वरवर केलं नाही.

मी गटात गेले ती मनाशी ठरवूनच. माझं काम एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या पट्ट्यातलं, म्हणजे क्ष-किरणांच्या वर आणि फर्मी ही अवकाशातली गॅमा-किरण दुर्बीण जिथे नीट पाहू लागते त्याच्या खाली. हा पट्टा गेली पंचवीस वर्षं जवळजवळ अंधारात आहे. अवकाशातल्या कॉम्प्टन वेधशाळेवरचं कॉम्प्टेल हे उपकरण १९९१ ते २००० या काळात ०.७५ ते ३० एमईव्ही एवढ्या ऊर्जांमध्ये आकाश पाहत होतं. त्याच्या यादीत गॅमा-किरण स्फोट सोडले तर कायमचे स्रोत भरले फक्त ३२. आता शेजारचा पट्टा बघा. फर्मीच्या आठ वर्षांच्या निरीक्षणांवरून केलेल्या यादीत ५०६४ स्रोत आहेत. त्यातल्या तेराशेहून अधिक स्रोतांमागे नक्की कोणती वस्तू आहे ते सांगता येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण ते दिसतात तरी.

एमईव्ही पट्टा मागे का राहिला, हे गटातल्या इतर मंडळींना समजावून देण्यात माझ्या पहिल्या दोन बैठका गेल्या. या ऊर्जेच्या फोटॉनला आरसा वळवत नाही, भिंग गोळा करत नाही. तो शोधकात शिरतो, एका इलेक्ट्रॉनवर आदळतो, थोडी ऊर्जा त्याला देतो, दिशा बदलून पुढे जातो आणि दुसरीकडे कुठेतरी शोषला जातो. दोन्ही जागा आणि दोन्ही ठिकाणी सोडलेली ऊर्जा मोजली की तो किती कोनातून वळला ते निघतं. पण त्यावरून तो आला कुठून हे एका बिंदूपर्यंत पोचत नाही. आकाशात एक वर्तुळ काढता येतं, त्या वर्तुळावर कुठेतरी तो स्रोत असतो. मी पडद्यावर एका सिम्युलेशनमधली अशी वर्तुळं एकेक करून काढून दाखवली. पाच वर्तुळांवरून काहीच कळत नाही. पन्नास झाली की एका बाजूला गर्दी वाटते. हजारावर गेली की एक डाग उमटतो. त्यात वैश्विक किरणांचा मारा सतत चालू असतो. त्यांनी उपग्रहाचंच धातूचं अंग किरणोत्सारी होतं आणि ते नेमक्या याच ऊर्जांमध्ये चमकत राहतं. म्हणजे आपण जे उपकरण घेऊन पाहतो, तेच आकाशापेक्षा जास्त उजळ असतं. या पट्ट्यात काम करणाऱ्याचं निम्मं आयुष्य आपल्याच उपकरणाचा उजेड वजा करण्यात जातं.

पण तिथे जे आहे ते दुसऱ्या कुठल्याही पट्ट्यात नाही. ॲल्युमिनियम-२६ चं अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षं. त्याची १.८०९ एमईव्हीची रेषा आकाशगंगेभर पसरलेली दिसते. म्हणजे आपल्या दीर्घिकेत मूलद्रव्यं आजही तयार होत आहेत, याचा तो चालताबोलता पुरावा आहे. टायटॅनियम-४४ चं अर्धायुष्य साठेक वर्षांचं, त्यामुळे ते सापडलं की अलीकडे फुटलेला ताराच समजायचा. आणि आकाशगंगेच्या मध्याकडून येणारी ५११ केईव्हीची, म्हणजे सुमारे अर्ध्या एमईव्हीची रेषा. तिथे दर सेकंदाला साधारण एकावर त्रेचाळीस शून्यं इतके पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे प्रतिकण, इलेक्ट्रॉनांना भेटून नाहीसे होतात. १९७० च्या दशकात फुग्यातून पाठवलेल्या उपकरणांनी ही रेषा पहिल्यांदा पाहिली. ते पॉझिट्रॉन कुठून येतात याचं उत्तर अजून नाही. कोसी ही जर्मेनियमच्या शोधकांची छोटी मोहीम २०२७ मध्ये सोडायचं नियोजन आहे, तिच्याकडून मला फार आशा आहे. तिच्यापेक्षा मोठ्या म्हणून मांडलेल्या ई-अ‍ॅस्ट्रोगॅम आणि अमेगो-एक्स या दोन्ही मोहिमा मात्र प्रस्तावाच्या पायरीवरच राहिल्या. तेव्हा आमच्या आराखड्यात पहिली ओळ मोठ्या एमईव्ही मोहिमेची असावी, हे मी गृहीतच धरलं होतं.

माझं गाडं अडलं ते मॅट्रिक्सपाशी. अशा प्रत्येक आखणीत एक तक्ता करावा लागतो. डावीकडे वैज्ञानिक प्रश्न, पुढच्या रकान्यात त्यासाठी कोणती भौतिक राशी कळायला हवी, मग ती कळण्यासाठी आकाशात नेमकं काय मोजायचं, मग उपकरणाची संवेदनशीलता, ऊर्जेची आणि दिशेची विभेदनक्षमता, दृष्टिक्षेत्र किती हवं, आणि शेवटी मोहिमेची कक्षा आणि कालावधी. ओळ डावीकडून उजवीकडे वाचताना कुठेही उडी मारायची सोय नाही. मी पॉझिट्रॉनच्या ओळीत मधल्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आजच्यापेक्षा चांगली दिशा-विभेदनक्षमता’. आमच्या गटप्रमुखांनी तिथे कर्सर नेऊन ठेवला आणि शांतपणे विचारलं, “चांगली म्हणजे किती? कोणत्या आकड्याला तुमचं उत्तर बदलतं?”

माझ्याकडे आकडा नव्हता. पंधरा वर्षं मी या रेषेबद्दल बोलत आले होते आणि माझ्याकडे आकडा नव्हता.

पुढचे तीन आठवडे मी आणि एक विद्यार्थी सिम्युलेशन चालवत बसलो. जुन्या ताऱ्यांच्या वस्तीतून पॉझिट्रॉन येत असतील तर चित्र कसं दिसेल, कृष्णद्रव्यामुळे येत असतील तर कसं, वेगवेगळ्या विभेदनक्षमतेला दोन्ही चित्रं ओळखू येतात का. निघालं ते असं की आमच्या नमुन्यांत एका मर्यादेपुढे दिशा कितीही बारीक केली तरी दोन्ही चित्रं एकमेकांसारखीच राहत होती, कारण पॉझिट्रॉन जन्मला त्या जागी नाहीसा होत नाही. तो आधी भटकतो. किती भटकतो, हे तिथल्या वायूवर आणि चुंबकीय क्षेत्रावर ठरतं आणि त्याचे हिशेब आजही फार ढोबळ आहेत. म्हणजे मी ज्या ओळीसाठी नवं उपकरण मागत होते, त्या ओळीचं निम्मं काम कागदावर आणि संगणकावर करायचं होतं. आम्ही ओळ दोन भागांत तोडली. एक उपकरणाची, दुसरी सिद्धांताची. दुसरी ओळ पूर्ण झाली नाही तर पहिलीतून आलेल्या मोजमापांचा अर्थच लावता येणार नाही, हेही शेजारी लिहिलं. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, पण मॅट्रिक्सवर माझा विश्वास बसला तो त्याच दिवशी. तोपर्यंत मला तो नुसता सोपस्कार वाटायचा.

टिपणं मागवण्याचा आणि त्यांची छाननी करण्याचा भाग मी विस्ताराने सांगत नाही. दोन-दोन पानांची टिपणं पुष्कळ आली. प्रत्येकाला आपला स्रोत, आपला शोधक जवळचा, आणि ते स्वाभाविक आहे. त्या ढिगातली एक गोष्ट मात्र नंतर फार आठवली. नवं काहीतरी करू या असं म्हणणारी टिपणं भरपूर होती. जे चालू आहे ते बंद पडू देऊ नका, असं सांगणारं टिपण शोधून काढावं लागत होतं.

मग प्रत्यक्ष भेटीची कार्यशाळा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका विद्यार्थिनीने भिंतीला लांब कागद लावला आणि त्यावर काळाची पट्टी आखली, २००० पासून २०४५ पर्यंत. प्रत्येक उपकरणासाठी एक आडवी रेघ. वरच्या भागात गुरुत्वलहरी आणि न्यूट्रिनो, मधे जमिनीवरच्या दुर्बिणी, खाली अवकाशातले गॅमा-किरण उपग्रह. चालू आणि मंजूर मोहिमांसाठी भरीव रेघ, आयुष्य संपत आलेल्यांसाठी फिकट. वरचा भाग उजवीकडे भरत गेला. गुरुत्वलहरींची पुढच्या पिढीची उपकरणं २०३० च्या दशकात, अवकाशातली लिसा २०३५ च्या सुमारास. मधला भागही भरगच्च. ला पाल्मा आणि चिलीतल्या पारानालजवळ मिळून साठाहून अधिक चेरेनकोव्ह दुर्बिणींची (गॅमा किरण हवेत आदळल्यावर उमटणारी चमक टिपणाऱ्या) सीटीए वेधशाळा उभी राहते आहे, चीनमध्ये ४४१० मीटर उंचीवर लासो ही कणशोधकांची वेधशाळा काम करते आहे, दक्षिण गोलार्धासाठी एसडब्ल्यूजीओ या तशाच वेधशाळेची जागा नक्की होत होती, लडाखमधल्या हानलेला २१ मीटरची मेस ही चेरेनकोव्ह दुर्बीण होती. आणि खाली? स्विफ्ट २००४ चा. इंटिग्रल २००२ चा. फर्मी ११ जून २००८ ला गेला, पाच वर्षांसाठी बांधलेला आणि दहा वर्षं चालावा अशा आशेने पाठवलेला. मार्च २०१८ मध्ये त्याच्या एका सौरपंखाची फिरकी अडकली, तेव्हापासून आकाश झाडून घेण्याची त्याची पद्धत बदलावी लागली. या साऱ्यांच्या रेघा उजवीकडे फिकट होत जात होत्या. अगदी तळाला स्फोट टिपणाऱ्या नव्या लहान मोहिमा होत्या. पण २० एमईव्हीपासून शेकडो जीईव्हीपर्यंतचा (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) सगळा पट्टा फर्मीइतक्या क्षेत्रफळाने रोज पाहील, अशी एकही मंजूर मोहीम आम्हाला त्या कागदावर मांडता आली नाही. २०३० च्या पुढे तिथे कागद कोरा होता.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

या कोऱ्या जागेचा अर्थ काय, ते १७ ऑगस्ट २०१७ च्या उदाहरणावरून सांगते. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याच्या गुरुत्वलहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीच्या स्फोट-निरीक्षकाने छोटासा गॅमा-किरण स्फोट नोंदवला. कुणीही उपग्रह तिकडे वळवला नव्हता. वळवायला वेळच नव्हता. त्या निरीक्षकाचे १४ शोधक पृथ्वीआड गेलेला भाग सोडून सगळं आकाश सतत पाहत असतात, म्हणून तो क्षण हाती लागला. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबर २०१७ ला, दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेने एक प्रखर न्यूट्रिनो पकडला. तो आला त्या दिशेला असलेली टीएक्सएस ०५०६+०५६ ही सक्रिय दीर्घिका त्या काळात नेहमीपेक्षा कितीतरी उजळ होती, हे फर्मीच्या रोजच्या नोंदींमुळे कळलं. मग मॅजिक या चेरेनकोव्ह दुर्बिणी तिकडे वळल्या आणि त्यांनाही ती दिसली. चेरेनकोव्ह दुर्बिणींना आकाशाचा काही अंशांचाच तुकडा दिसतो, तोही अंधाऱ्या निरभ्र रात्री. त्यांना कुणीतरी सांगावं लागतं की आता इकडे बघा. पाण्याच्या टाक्यांची आणि कणशोधकांची शेतं रात्रंदिवस पाहतात, पण ती फार वरच्या ऊर्जेची, आणि त्या ऊर्जेचे लांबून निघालेले फोटॉन वाटेतल्या ताऱ्यांच्या प्रकाशावर आदळून संपून जातात. म्हणजे गुरुत्वलहरींचे कान सर्वांत तीक्ष्ण असतील नेमक्या त्या वर्षांत त्यांच्या जोडीचा हा डोळा मिटलेला असेल.

त्या संध्याकाळी चर्चा तापली. लहान उपग्रहांचा ताफा करा, असं एक मत होतं. त्यात तथ्य आहे. स्फोटाची वर्दी द्यायला लहान शोधकही पुरतो, आणि दूर दूर असलेल्या यानांवर एकच स्फोट किती वेळाच्या फरकाने पोचला यावरून त्याची दिशा काढण्याची पद्धत तर कित्येक दशकं चालत आली आहे. पण जीईव्हीच्या फोटॉनला तसं फसवता येत नाही. त्याचं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीत रूपांतर व्हायला टंगस्टन लागतं, मागाची दिशा धरायला सिलिकॉनचे थर लागतात आणि ऊर्जा मोजायला सीझियम आयोडाइडचे जड स्फटिक लागतात. फर्मीवर असे १६ मनोरे आहेत आणि ते उपकरण अडीच टनांहून जड आहे. ते वजन छाटायचं तर फोटॉन हातचे जातात.

“पण फर्मीसारखाच दुसरा फर्मी हवा, असा प्रस्ताव निवडणार कोण?” एका सहकाऱ्याने विचारलं. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, अनुभव होता. प्रस्तावाच्या स्पर्धेत प्रत्येक मोहिमेला काय नवं कळेल ते सांगावं लागतं. सातत्याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

तेव्हा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई बोलल्या. त्या कॉम्प्टेलवर काम केलेल्या. “कॉम्प्टन वेधशाळा ४ जून २००० ला समुद्रात पाडली, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की दहा वर्षांत यापेक्षा चांगलं काहीतरी येईल,” त्या म्हणाल्या. “तू त्या वेळी शाळेत असशील. आता तू इथे बसून तेच मागते आहेस.” त्यांच्यामुळेच आराखड्यात जुन्या नोंदी जपण्याची एक ओळ आली. २०१९ मध्ये कॉम्प्टेलच्या नोंदींचं नव्याने केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं ते त्या नोंदी कुणीतरी सांभाळल्या म्हणून. फर्मीचंही तसंच. २०१५ मध्ये नोंदींवर नवी प्रक्रिया केली तेव्हा त्याच उपकरणातून आधीपेक्षा जास्त फोटॉन कामी आले. आणि आकाशगंगेच्या मध्याच्या वर आणि खाली पंचवीस-पंचवीस हजार प्रकाशवर्षं पसरलेले फर्मी बुडबुडे २०१० मध्ये खुल्या केलेल्या नोंदींमधूनच सापडले. ते बुडबुडे कुठल्याही मॅट्रिक्समध्ये नव्हते. १९६७ मध्ये वेला उपग्रहांनी टिपलेला पहिला गॅमा-किरण स्फोटसुद्धा नव्हता, ते तर अणुस्फोटांवर पाळत ठेवत होते.

मी त्या रात्री माझं मत बदललं. एमईव्हीवरचं माझं प्रेम तिळभर कमी झालं नाही. पण अंधारात असलेला पट्टा आणखी पाच वर्षं अंधारात राहिला तर उशीर होतो. चालू असलेला पहारा उठला तर त्या काळात जे घडेल ते कायमचं जातं. न्यूट्रॉन ताऱ्यांची ती जोडी पुन्हा मिसळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच सुचवलं की पहिली ओळ सगळ्या आकाशावरच्या अखंड पहाऱ्याची असावी आणि एमईव्ही मोहीम दुसरी. शक्य असेल तर एकाच उपकरणात दोन्ही पट्टे घ्यावेत. जोडीचा माग धरणारे सिलिकॉनचे थर कॉम्प्टनच्या धडकाही टिपू शकतात आणि अमेगोसारख्या रचनांची मूळ कल्पना तीच आहे. माझ्या पट्ट्यात काम करणारे दोघे माझ्यावर नाराज झाले. त्यांतल्या एकाशी अजूनही पूर्वीसारखं बोलणं होत नाही, याचं वाईट वाटतं.

लिखाणाचे महिने संथ गेले. एका वाक्यावर तर आम्ही अकरा दिवस घालवले. फर्मीनंतर खंड पडू नये ‘हे इष्ट आहे’ असं आधी लिहिलं होतं. मला ‘खंड पडता कामा नये’ हवं होतं. काहींचं म्हणणं, एवढं ठाम लिहिलं तर वाचणारे पैशाचं विचारतील. विचारू देत, असं माझं उत्तर होतं, कारण विचारावं म्हणूनच आपण लिहितो आहोत. शेवटी पहिल्या परिच्छेदात ठाम वाक्य आलं आणि त्याखाली, खंड पडला तर काय काय हुकेल, ते एकेक करून मांडलं.

हे चालू असतानाच २८ फेब्रुवारी २०२५ ला इंटिग्रलची निरीक्षणं थांबली. बावीस वर्षांहून अधिक काळ चाललेलं काम. त्याच आठवड्यात मी आकृतीची फाइल उघडली, इंटिग्रलची रेघ पकडली आणि ती मागे ओढून २०२५ वर आणून सोडली. कामाची एवढीशी गोष्ट, पण माउसवरचं बोट थोडं थांबलं. वर्षभरापूर्वी अ‍ॅजाइलबद्दल आम्ही दोनच मिनिटं बोललो होतो, ते तेव्हा आठवलं.

अंतिम मसुद्याआधी शेवटचा वाद त्याच आकृतीवर झाला. कोरी जागा डोळ्यांना खुपते, तिथे ‘प्रस्तावित मोहीम’ अशी तुटक रेघ टाकू, असं काही जणांनी सुचवलं. आकृती सुबक दिसली असती. पण तुटक रेघ पाहिली की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी काहीतरी करतंय. मतं घेतली. जागा कोरी ठेवायची असं ठरलं, फक्त तिच्याखाली वर्षं जरा मोठ्या अक्षरांत छापली.

आराखडा सुपूर्द करून झाला आहे. आता मी, तो विद्यार्थी आणि त्या ज्येष्ठ बाई मिळून दोन्ही पट्टे पाहणाऱ्या उपकरणाच्या किमान अपेक्षा लिहितो आहोत. पहिल्या पानावर बाईंनी स्वतःच्या हाताने रकाना आखून दिला, ‘कोणत्या आकड्याला उत्तर बदलतं’. त्यातल्या अर्ध्या ओळी अजून भरायच्या आहेत.